समुद्राची बाटली आणि मळीचं पाणी

गेल्या नोव्हेंबरात तासगावजवळ मामांच्या द्राक्षबागेत गेलो होतो. फळछाटणी होऊन महिना उलटलेला, घड फुलोऱ्यात आणि आभाळ भरून आलेलं. म्हणजे भुरी आणि डावणी या वेलीवरच्या रोगांपायी द्राक्षवाल्याचा जीव टांगणीला लागायचे दिवस. शेडमध्ये फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीशेजारी एक निळी बाटली ठेवली होती. लेबलवर लाटा, उडी मारणारा डॉल्फिन आणि 'समुद्री एन्झाइम' अशी ठळक अक्षरं.

"औषधाच्या दुकानातला पोरगा देऊन गेलाय," मामा म्हणाले. "भुरी आन् डावणी, दोन्हीवर चालतंय म्हणं. लिटरला बाराशे. तू कारखान्यात केमिस्ट हाईस न्हवं? मग सांग बघू, ह्ये एन्झाइम म्हंजी काय असतंय? औषध, खत का जंतू?"

मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या लॅबमध्ये काम करतो. एन्झाइमशी माझा रोजचा संबंध, पण समुद्राशी नाही. आमच्याकडून घाट उतरून रत्नागिरी गाठायची तर अर्धा दिवस मोडतो. मामांना त्या दिवशी चहा निवेपर्यंत अर्धंमुर्धं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

एन्झाइम हे औषध नाही, खत नाही आणि जंतूही नाही. ते जिवंत नसतं. जिवंत पेशीनं आपलं काम उरकण्यासाठी बनवलेलं ते एक प्रथिन असतं. मामी जून बोकडाच्या मटणाला कच्च्या पपईचा वाटलेला गर चोळून ठेवतात, तिथे जे काम करतं ते पपेन नावाचं एन्झाइम. ते मांसातली प्रथिनं कापत जातं, म्हणून मटण लवकर शिजतं. शाळेच्या पुस्तकात याला 'विकर' म्हणतात, पण परीक्षा संपल्यावर तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला मला आठवत नाही. आपण एन्झाइमच म्हणू.

याहून चांगला खेळ घरच्या नाचणीवर करता येतो. नाचणीच्या पिठाची घट्ट पेज करा, इतकी की डाव उभा राहील. कोमट होऊ द्या. मग त्यात मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ ढवळा. बघता बघता डाव आडवा होतो आणि थोड्या वेळात पेज धारेनं पडायला लागते. पाणी एक थेंबही वाढवलेलं नाही. झालं एवढंच, की मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार झालं होतं आणि त्यानं पेजेतल्या स्टार्चच्या लांब साखळ्यांचे तुकडे केले. एक तुकडा पाडला की ते मोकळं होऊन पुढच्या साखळीला लागतं, स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून चमचाभर पुरतं. आता तेच मोडाचं पीठ आधी पाण्यात खळखळून उकळा आणि मग घाला. काहीच होणार नाही. एन्झाइम म्हणजे प्रथिनाचा धागा विशिष्ट घडीत दुमडलेला असतो. त्या घडीतल्या एका खाचेत कामाची जागा असते. उष्णतेनं घडी उलगडली की खाच गेली. अंड्याचा पांढरा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तसंच.

आणि हीच एन्झाइमची अडचण. नाचणीचं एन्झाइम नाचणीच्या दाण्यात, ओलसर मातीत काम करायला घडलेलं असतं. ज्याच्या अंगात ते बनतं त्याच्या घरच्या हवापाण्याला ते जुळलेलं असतं. कारखान्याचं हवापाणी मात्र वेगळं. आमच्याकडे रस शंभर अंशांवर तापतो, डेअरीत दूध चार अंशांवर असतं, कातडी कमावणाऱ्यांकडे मिठाचा थर असतो. तिथे बागेतलं किंवा मातीतलं साधं एन्झाइम टिकत नाही.

मग इतकी थंडी, इतकी उष्णता आणि इतकं मीठ सोसत कोण जगतं? समुद्रातले जीव.

पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राचा. एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. खोल पाणी बाराही महिने दोन ते चार अंशांवर. दर दहा मीटर खोलीला हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब वाढतो, म्हणजे चार किलोमीटर खाली चारशे पट. आणि एवढं असून साध्या चमचाभर समुद्राच्या पाण्यात लाखो जिवाणू. १९७७ साली 'अल्व्हिन' नावाच्या पाणबुडीतून शास्त्रज्ञ गालापागोस बेटांजवळ तळाशी उतरले तेव्हा तिथे जमिनीच्या भेगांतून ऊन पाणी येताना दिसलं आणि त्याभोवती जीवांची दाटी. पुढे सापडलेल्या काही भेगांतून साडेतीनशे अंशांचं पाणी उसळतं. वरच्या दाबामुळे ते उकळत नाही. त्या ऊन पाण्याच्या कडेनं राहणारे सूक्ष्मजीव आहेत. त्यांतला एक १२२ अंशांवरही वाढतो, हे २००८ साली दाखवलं गेलं. प्रेशर कुकरात आपण डाळ शिजवतो त्याहून जास्त तापमानात हा संसार मांडून बसलेला.

गरम पाण्यातल्या जीवांची एन्झाइम्स घट्ट बांधलेली असतात. उसाची मोळी जशी दोन-तीन ठिकाणी वाढ्यानं आवळतात, तशी प्रथिनाची घडी आतून अनेक ठिकाणी जखडलेली. बर्फाळ पाण्यातल्या जीवांचं उलटं. तिथे थंडीनं सगळं आखडतं, म्हणून त्यांची एन्झाइम्स मुद्दाम सैल, लवचीक. ती थंडीत चपळ असतात आणि थोड्याशा उष्णतेनं मोडतात. ऐकायला हा दुबळेपणा वाटतो, पण कारखान्यात त्याचाही उपयोग होतो. काम झालं की थोडं तापवायचं, एन्झाइम आपोआप बंद.

कोविडच्या काळात नाकात काडी घालून घेतली नाही असा माणूस विरळा. त्या आरटीपीसीआर चाचणीच्या मुळाशी असलेल्या पद्धतीत डीएनएच्या प्रती काढताना नमुना पुन्हा पुन्हा पंचाण्णव अंशांपर्यंत तापवावा लागतो. हे सोसणारं पहिलं प्रसिद्ध एन्झाइम अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं होतं, समुद्राचं नव्हे. पण ते प्रती काढताना चुका करायचं आणि त्या दुरुस्त करत नसे. चुका तपासत पुढे जाणारं एन्झाइम मिळालं ते 'पायरोकॉकस फ्युरिओसस' या जीवातून. इटलीतल्या व्हल्कानो बेटाच्या किनाऱ्यावर, तापलेल्या समुद्री गाळात तो सापडला आणि १९८६ साली त्याचं वर्णन छापून आलं. शंभर अंशांवर तो मजेत वाढतो. उलट टोकाला, थंड उत्तरी समुद्रातल्या कोळंबीतलं फॉस्फटेज आणि कॉड माशातलं एक एन्झाइम प्रयोगशाळांत वापरतात, ते थोड्या उष्णतेनं कायमचं बंद पडतात एवढ्याच गुणासाठी.

दूध हा सांगली-साताऱ्याचा जिव्हाळ्याचा विषय. ज्यांना दूध पचत नाही, त्यांच्या पोटात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम कमी पडतं. डेअरीत ते आधीच दुधात घातलं तर प्रश्न सुटतो, पण चार-पाच अंशांवर नेहमीची एन्झाइम्स रेंगाळतात आणि दूध ऊन करावं तर नासायची भीती. म्हणून अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या 'स्यूडोअल्टरोमोनास' या जिवाणूच्या लॅक्टेजवर बराच अभ्यास झाला. ते थंड दुधातच हात चालवतं. त्याच जिवाणूचं झायलनेज हे दुसरं एन्झाइम पावात घातलं तर पाव जास्त फुगतो, कारण कणीक थंड असतानाच ते कामाला लागतं.

एक गैरसमज इथेच काढतो. ही एन्झाइम्स समुद्रातून टँकर भरून आणत नाहीत. एकदा जीव सापडला की त्याच्यातलं एन्झाइम बनवायचं जनुक काढून सवयीच्या जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालतात आणि तो फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या टाकीत, वाढवतात. आमच्या डिस्टिलरीत मोलॅसिसवर, म्हणजे मळीवर, यीस्ट वाढवायची टाकी असते, तिचीच ती जास्त स्वच्छ आणि महागडी बहीण.

आता माझ्या दुखऱ्या नसेकडे येतो. आमच्याकडे एक लिटर अल्कोहोल निघालं की मागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. लोक त्याला मळीचं पाणी म्हणतात. काळपट तांबडा, ऊन, आंबट, आणि वास असा की अंगावरच्या शर्टातून दोन धुण्यांत जात नाही. त्याचा बीओडी, म्हणजे तो पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्याचा आकडा, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम. घरगुती सांडपाण्याचा दोनशे-तीनशे असतो. असं पाणी नदीत गेलं तर माशांचा श्वास कोंडतो. कृष्णेत पांढऱ्या पोटाचे मासे तरंगताना आपण पाहिलेत आणि ते दृश्य कुणाला नव्यानं सांगायला नको.

डायजेस्टर नावाच्या बंद टाकीतून काढला की स्पेंटवॉशमधला बराचसा सेंद्रिय माल बायोगॅस होऊन जातो. रंग मात्र तसाच राहतो, कधी कधी गडदच होतो. हा रंग मेलॅनॉइडिन नावाच्या द्रव्यांचा. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की ती तयार होतात. तव्यावरच्या भाकरीला पडणारे तपकिरी डाग, काकवीचा रंग, भाजल्या कांद्याचा रंग, सगळे एकाच कुळीचे. हे रेणू मोठे, वेडेवाकडे. साध्या जिवाणूंच्या एन्झाइमच्या खाचेत ते बसतच नाहीत. आणि गडद पाण्यात ऊन शिरत नाही, त्यामुळे तळाच्या वनस्पतींनाही अन्न करता येत नाही.

या रंगावर गोव्याच्या दोना पावलातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. कॉलेजात असताना त्यांचा निबंध वाचला तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो, कारण त्यात चक्क आमची मळी होती. अरबी समुद्रात प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्यात समुद्रगवत वाढतं. त्याच्या कुजत्या पानांवर त्यांना 'फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस' ही बुरशी मिळाली. लाकडाला भुसभुशीत पांढरं करून टाकणाऱ्या बुरश्या आपण पडक्या ओंडक्यावर पाहतो, त्याच जातकुळीची. लाकडातलं लिग्निन हेही मोठ्या, वेड्यावाकड्या रेणूंचं. ते फोडायला या बुरश्या जी एन्झाइम्स बाहेर सोडतात, लॅकेज आणि पेरॉक्सिडेज, ती कुलपात किल्ली बसवत बसत नाहीत. समोर येईल त्या रंगीत रेणूतले इलेक्ट्रॉन ओढतात आणि तो खिळखिळा करतात. एरवी एन्झाइम एका कामापुरतं असतं म्हणतात, पण ही मंडळी त्याला अपवाद. शिवाय ही बुरशी साखर खाताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि रंग उडवण्यात त्याचाही हात दिसला. जमिनीवरच्या बुरश्याही हे करतात. पण स्पेंटवॉशमध्ये पोटॅश आणि इतर क्षार भरपूर, आणि समुद्रातल्या बुरशीला खाऱ्या पाण्याचं कौतुक नाही.

२००१ साली छापलेल्या त्या निबंधात पातळ केलेल्या मळीच्या पाण्याचा रंग आठ दिवसांत सुमारे ८० टक्के उतरलेला होता. पुढे त्यांनी हीच बुरशी फोमच्या तुकड्यांत रुजवून वापरून पाहिली. खारफुटीच्या कुजलेल्या लाकडावर मिळालेल्या आणखी एका बुरशीचं लॅकेज कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या पाण्यावरही चाललं.

मग आमच्या कारखान्यात ही बुरशी का नाही? मी हिशेब मांडून पाहिला. डिस्टिलरी दिवसाला साठ हजार लिटरची धरा. दहापट धरलं तर सहा लाख लिटर स्पेंटवॉश. त्यात तेवढंच पाणी घालून पातळ केला की बारा लाख. आठ दिवस मुरवायचा म्हणजे शहाण्णव लाख लिटरच्या टाक्या, त्यात हवा खेळती ठेवायची, बुरशीला वरून साखर चारायची, आणि आपल्या हवेतले हजार दुसरे जंतू त्या साखरेवर तुटून पडणार नाहीत हेही बघायचं. नियमाप्रमाणे डिस्टिलरीतून सांडपाण्याचा थेंब बाहेर जाता कामा नये. म्हणून आज बहुतेक ठिकाणी स्पेंटवॉश आटवून दाट करतात आणि बॉयलरमध्ये जाळतात, किंवा प्रेसमडवर, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळावर, फवारून खत करतात. पातळ करायचं आणि आटवायचं, ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेची. बुरशीचं काम खोटं नाही, पण लॅबमधल्या फ्लास्कातून कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्यापर्यंतचा रस्ता घाटाचा आहे. मला वाटतं तिचा उपयोग होईल तो शेवटी उरलेल्या थोड्या, फिकट रंगाच्या पाण्यावर. सगळी मळी तिच्या गळ्यात मारणं हा अन्याय.

तेलगळतीची गोष्ट जरा आशादायक. १९९८ साली उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटाच्या नावानं 'अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस' हा जिवाणू नोंदवला गेला. त्याचा आहारच मुळी खनिज तेलातले हायड्रोकार्बन. त्याची एन्झाइम्स तेलाच्या साखळीच्या टोकाला प्राणवायू चिकटवतात आणि तिथून ती साखळी कुरतडली जाते. स्वच्छ समुद्रात तो नावालाच असतो. तेल सांडलं की फोफावतो. पण उसाला पाणी भरपूर आणि युरिया शून्य दिला तर काय होईल? तेच इथे होतं. तेलात कार्बन आहे, नत्र आणि स्फुरद नाही. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ जहाज फुटलं तेव्हा म्हणूनच किनाऱ्यावर चक्क खत टाकलं गेलं, तिथल्याच जिवाणूंना जोर यावा म्हणून. बाहेरून बाटलीतले जिवाणू आणून ओतण्यापेक्षा हा उपाय बरेचदा शहाणपणाचा ठरतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ दोन जहाजं धडकून तेल सांडलं, तेव्हा खारफुटीच्या चिखलात रुतलेलं तेल किती चिवट असतं ते आपल्याकडेही दिसलं.

प्लास्टिक खाणाऱ्या जीवांच्या बातम्या व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतात. त्यांतली खरी एक सांगतो. २०२४ साली डच संशोधकांनी प्रशांत महासागरात तरंगणाऱ्या प्लास्टिकवर वाढणारी एक बुरशी पॉलिथिन फोडते हे दाखवलं. वेग दिवसाला ०.०५ टक्के. आहे तोच वेग धरला तर पिशवी संपायला साडेपाच वर्षं, आणि तेही आधी उन्हाच्या अतिनील किरणांनी प्लास्टिक झिजवलेलं असेल तरच. तळाच्या अंधारात बुडालेल्या पिशवीला ती शिवतही नाही.

या शोधांची मालकी कुणाची, हा प्रश्नही आहेच. समुद्री जीवांच्या जनुकांवरच्या पेटंटांची मोजणी २०१८ मध्ये छापून आली, त्यात पेटंटांत नोंदलेल्या जनुकक्रमांपैकी ४७ टक्के एकट्या बीएएसएफ या जर्मन कंपनीचे निघाले. द्राक्षवाल्यांना हे नाव नवं नाही. कोणत्याही देशाच्या हद्दीत न येणाऱ्या समुद्रातल्या अशा ठेव्याचा लाभ वाटून घ्यायचा करार २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला.

तर मामांची बाटली. समुद्री एन्झाइम बुरशीवर चालू शकतं का? चालू शकतं, तत्त्वतः. कोळंबी-खेकड्यांची कवचं कायटिन नावाच्या चिवट द्रव्याची असतात आणि ती कुजवायला समुद्रातले जिवाणू कायटिनेज हे एन्झाइम बनवतात. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीतही कायटिन असतं. भुरी ही खरी बुरशी, तेव्हा तिच्यावर कायटिनेजचा दात लागू शकतो. डावणी मात्र दिसायला बुरशी, कुळानं नाही. तिची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची. तिच्यावर कायटिनेज म्हणजे लाकूडतोड्याला लोखंड तोडायला लावणं. दोन्हीवर एकच एन्झाइम चालतं म्हणणाऱ्यानं आत काय आहे ते तरी सांगावं. लेबल उलटसुलट पाहिलं. एन्झाइमचं नाव नाही. ताकद एन्झाइमच्या युनिटमध्ये लिहितात, ते युनिट नाहीत. किती अंशांवर ठेवायचं ते नाही, आणि बाटली आलेली दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून.

"मामा, हे कशात मिसळून मारणार होता?"

"बोर्डोत. येगळा ब्लोअर कोण फिरवणार?"

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण. मोरचुदात तांबं. तांब्याचे आयन कितीतरी एन्झाइम्सच्या कामाच्या जागेवरच ठाण मांडून बसतात. वर चुन्याचा अल्कधर्मीपणा. बाटलीत काही ताकद असती तरी टाकीतच तिचे बारा वाजले असते.

तरी मामांना खात्री हवी होती. मग तासगावच्या बाजारातून मूठभर सुका जवळा आणला, दोन ग्लासांत टाकला. एकात साधं पाणी, दुसऱ्यात बाटलीतलं औषध सांगितलेल्या मापानं. चार दिवस पडवीत ठेवले. खरं तर ही परीक्षा बाटलीवर अन्यायाचीच होती. कवचातलं कायटिन चुना आणि प्रथिनांत गुंतलेलं असतं, चांगल्या कायटिनेजलाही ते सहज सुटत नाही. हे मी मामांना आधीच सांगितलं होतं. पाचव्या दिवशी दोन्ही ग्लासांतला जवळा सारखाच फुगलेला आणि घाण सारखीच सुटलेली. मामांनी भुरीला नेहमीचं गंधक मारलं. मामींनी नाकाला पदर लावून दोन्ही ग्लास कढीपत्त्याच्या बुडात ओतले आणि 'तुझी लॅब कारखान्यात ठेव' म्हणून बजावलं.